सकाळच्या शिफ्टचा नकाशा

शाळेचा इतिहास भूगोलाच्या मास्तरांनी लिहायचा, हे मला मुरथलच्या ढाब्यावर कळलं. तेही पराठ्याचा पहिला घास तोंडात असताना.

चौदा जानेवारी होती. दरवर्षी या दिवशी आमच्या यमुनातीर मराठी विद्यालयाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. मी निवृत्त झाले तरी बसमधली पुढची सीट माझी असते, कारण तिथल्या स्तंभासमोर उभं राहून लढाई सांगायचं काम माझं. धुकं असो, वारा असो, मुलं कानटोप्या घालून बसतात आणि मी सांगते. इतकी वर्षं सांगते आहे, की फाटकाबाहेरच्या रेवडीवाल्यालासुद्धा विश्वासराव कधी पडणार ते पाठ झालंय. त्या दिवशीही मी घसा बसेपर्यंत बोलले. बिहारची, गढवालची पोरं होती, निम्म्यांच्या घरी मराठीचा गंध नाही, पण डोळे पुसत होती. भूगोलाचे दीनानाथ सर मागे उभे राहून दिशा दाखवत होते. यमुना इकडे, दिल्ली तिकडे. बस, एवढंच.

आणि परतताना मुरथलला जयेशने स्टीलचा ग्लास चमच्याने वाजवला. जयेश म्हणजे आमच्या शिक्षण मंडळाचा सेक्रेटरी, शाळेचाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "अमृतमहोत्सवाचं वर्ष आहे. शाळेचा इतिहास पुस्तकाच्या रूपात यायला हवा. ही जिम्मेदारी आपल्या दीनानाथ सरांनी घेतली आहे. जोरदार टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बोटांना लोणी लागलेलं होतं, त्यामुळे आवाज झाला नाही.

मग सर स्वतः माझ्या टेबलाशी आले, हातात तिळगुळाची डबी. "बाई, तुमची मदत तर लागेलच."

मदत! आयुष्यभर इतिहास शिकवला मी, आणि मदतनीस मी. तिळगूळ घेतला. गोड बोलायचं मात्र मला जमलं नाही. "भूगोलाचं पुस्तक असतं तर मीही मदत मागितली असती तुम्हाला," असं म्हणाले. ते हसले. त्यांना टोमणा कळत नाही, की कळून न कळल्यासारखं करतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

हे दुखणं जुनं आहे, म्हणून नीट सांगते. आमची शाळा स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाली. सेक्रेटरिएटमध्ये नोकरीला आलेल्या मराठी कारकुनांनी आपल्या पोरांसाठी तंबूत भरवलेली शाळा. नाव यमुनातीर, पण करोल बागेच्या मागच्या बाजूला, जिथून यमुना दिसतही नाही. पुढे इमारत झाली, सरकारी अनुदान मिळालं, मुलं वाढली, खोल्या पुरेनात. मग दिल्लीत सगळीकडे झालं तेच झालं. सकाळी मुलींची शिफ्ट, दुपारनंतर मुलांची. इमारत एकच, शाळा दोन. दोन प्रिन्सिपॉल, दोन शिपाई, कपाटालासुद्धा दोन कुलुपं. आमच्या मुली पुढच्या फाटकाने घरी जायच्या, मग मागच्या फाटकाने मुलगे आत यायचे. दोघांची गाठ पडू नये असा नियमच होता.

मी सकाळची, दीनानाथ सर संध्याकाळचे. आठवी 'अ'ची खोली माझी, आणि दुपारनंतर तीच त्यांच्या सातवीची. टेबल तेच, खुर्ची तीच. सकाळी मी यायचे तेव्हा खुर्ची खिडकीकडे वळवलेली असायची, ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याची फोलपटं. आणि फळ्यावर नकाशा! महाराष्ट्राचा, रंगीत खडूंनी काढलेला. टेबलावर निळ्या-तपकिरी खडूचा चुरा. शेवटच्या तासाला काढायचे आणि तसाच ठेवून जायचे. फळा कोरा करून द्यायचा, ही दोन शिफ्टमधली साधी रीत. पण ईव्हनिंगवाल्यांना रीतभात शिकवणार कोण? मी आल्या आल्या एखाद्या मुलीला उठवायचे आणि पुसून घ्यायचे.

तरी बक्षिसं ईव्हनिंगला. स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे दुपारनंतर, म्हणजे ईव्हनिंगला. जुने विद्यार्थी मोठे होऊन मंडळावर आले तेही ईव्हनिंगचे, कारण आमच्या मुली लग्न होऊन कुठे कुठे गेल्या. आता मराठी घरं नोएडा, द्वारका, गुडगावला पांगली, मुलं घटली आणि गेल्या वर्षी मंडळाने दोन्ही शिफ्ट एक केल्या. शाळा भरते सकाळी, पण प्रिन्सिपॉल ईव्हनिंगचा. सकाळची शिफ्ट नुसती नावाला उरली, तीही माझ्यासारख्या चार म्हाताऱ्यांच्या तोंडात. आता इतिहासही ईव्हनिंगचा माणूस लिहिणार म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

"लिहू दे ना त्यांना," अंबादास म्हणाले. हे माझे यजमान. रेल्वे बोर्डातून निवृत्त, कुठल्याही भांडणात समोरच्याची बाजू घेण्याची त्यांना खोड आहे. "वाचणार कोण आहे, यार?"

"मी वाचणार आहे."

"मग तू तुझा लिही."

हे ते थट्टेने म्हणाले. मी मनावर घेतलं, आणि त्याला कारणही तसंच घडलं. फेब्रुवारीत जयेशने पुस्तकाचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी चष्मा पुसून वाचायला बसले. तंबू होते, इमारतीची पायाभरणी होती, क्रिकेटची टीम होती, टीमच्या कॅप्टनचं आजोळसुद्धा होतं. मुलींची शिफ्ट दीड पानात आटोपलेली. माझं नाव एका ओळीत, दोन मयत बाईंच्या मधोमध. खोटं काहीच नव्हतं. भाषाही नीटनेटकी होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी ठरवलं. सकाळच्या शिफ्टचा इतिहास मी लिहीन, आणि तो मुलींच्या तोंडून लिहीन. बाईंनी आमचं आयुष्य घडवलं, असं चार मुली छापील अक्षरांत म्हणाल्या की बघू मग क्रिकेटची टीम काय करते ते. हो, मला तेच ऐकायचं होतं. माझ्या मागे या शाळेत माझं काहीतरी राहिलंय, हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आडून कशाला सांगू?

पहिली गेले क्षिप्राकडे. ही माझी आठवीची विद्यार्थिनी, आता मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत एच.आर.ची मोठी अधिकारी. मेट्रोने गुडगाव, पुढे तिने पाठवलेली गाडी. तिच्या केबिनच्या खिडकीतून कंपनीच्या बसेस ओळीने उभ्या दिसत होत्या आणि शिफ्ट सुटलेले कामगार त्यात चढत होते. क्षिप्रा वाकून पाया पडली. तिने चहा मागवला, बिस्किटं मागवली, आत कुणी येऊ नये म्हणून सांगितलं. मला फार बरं वाटलं. म्हटलं, अशा आहेत माझ्या मुली.

"बाई, तुमच्या इतिहासातलं मला काहीच आठवत नाही हं," ती हसत म्हणाली. "सनावळ्या बिल्कुल गेल्या. पण तुमचा नकाशा अजून डोळ्यांसमोर आहे."

"कुठला नकाशा?"

"अहो, फळ्यावरचा! महाराष्ट्राचा. रोज सकाळी आम्ही यायचो तेव्हा तयार असायचा. आम्ही तुमच्या आधी धावत यायचो तो वहीत काढून घ्यायला. तुम्ही कधी येऊन काढून जायचात ते मात्र कुणालाच कळलं नाही. आम्ही म्हणायचो, बाई पहाटेच येत असतील."

माझ्या हातातलं बिस्किट चहात मोडून पडलं.

"आणि ते ठिपके," क्षिप्रा म्हणाली. "दर दोन-चार दिवसांनी एक नवीन गाव. बाई, आम्ही दिल्लीत जन्मलेल्या पोरी. महाराष्ट्र म्हणजे आमच्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी. आमची गावं तुम्हाला कशी ठाऊक, याचं आम्हाला केवढं नवल वाटायचं!" मग तिचा आवाज खाली आला. "माझे आजोबा गेले तेव्हा आई-बाबा गावी गेले, आम्हा भावंडांना शेजारच्यांकडे ठेवून. मी शाळेत आले. फळ्यावर कुकडी नदी, आणि काठाला ठिपका. निघोज. आमचं गाव. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. नुसतं लिहिलंत. वर मलाच उठवलंत पुसायला. खरं सांगते बाई, पुसताना मी इतकी रडले, की नंतर हलकं वाटलं. मी आजही कंपनीत कुणी नवीन आलं की आधी गाव विचारते. हे तुमचं आहे."

क्षिप्राचा धाकटा भाऊ चिन्मय संध्याकाळच्या शिफ्टला होता. आजोबा गेले हे त्याने सरांना सांगितलं असणार, आणि सरांनी ठिपका दिला असणार. हे मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. चिन्मय घरी शाळेचं नाव काढत नसे, हे तीच मघा सांगत होती. तिला कळायला मार्गच नव्हता.

आणि मी? मला तिचे आजोबा गेलेले ठाऊकच नव्हते. समोर जी मुलगी दिसली तिला मी पुसायला उठवलं, एवढंच.

मी चहा प्याले. "छान," म्हणाले. निघताना तिने पुन्हा पाया पडून सांगितलं, की समारंभात मुलींतर्फे तीच बोलणार आहे आणि हेच बोलणार आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर मला इतका मत्सर वाटला, इतका, की आधीचा सगळा त्यापुढे पोरखेळ. पाहुणे त्यांचे, बक्षिसं त्यांची, सेक्रेटरी त्यांचा, हे मी सोसलं होतं. पण माझ्या वर्गात, माझ्या मुलींच्या मनात हा माणूस आधीच येऊन बसला होता. मी तिथे पोचायच्या आधी! घरी येऊन मी उरलेल्या मुलींना फोन लावले. एक बंगलोरला, एक नागपूरला. दोघींनी तेच सांगितलं. बाई, तुमचा नकाशा.

अंबादासना सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे पेपर खाली ठेवला नाही. "मग प्रॉब्लेम काय आहे? बोलू दे तिला. मुली खूश, तू खूश. सरांना कळलं तरी ते काय बोलणार आहेत? सज्जन माणूस आहे."

"म्हणूनच," मी म्हणाले.

"म्हणूनच काय?"

त्यांना नाही समजायचं. तरीही मी क्षिप्राला फोन केला नाही. रोज सकाळी उठून ठरवायचे, आज करते. आणि रोज मनात यायचं, भरल्या मांडवात माझं नाव घेतलं जाईल, जयेश ऐकेल, नवा प्रिन्सिपॉल ऐकेल, शाळा ज्यांच्या हातात आहे ते सगळे ऐकतील. एकदा. एकदा तरी. मग फोन राहून जायचा.

समारंभ शाळेच्याच पटांगणात झाला. मांडव, कुंड्या, बटाटेवडे तळल्याचा वास. मी ठेवणीतली पैठणी नेसले होते. पुढच्या रांगेत मला बसवलं आणि शेजारी, कुणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे, दीनानाथ सरांना. त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. फोटो झाले. सरांनी सही करून पहिली प्रत माझ्या हातात दिली. मी ती मांडीवर ठेवली, उघडली नाही.

मग क्षिप्रा उभी राहिली. मुलगी बोलते छान. तंबू नाही, टीम नाही, तिने सरळ नकाशाच घेतला. निळा समुद्र, खडू आडवा धरून काढलेला सह्याद्री, भीमा, गोदावरी. आम्ही धावत यायचो म्हणाली, नागपूर-बंगलोरच्या मैत्रिणींनाही तो अजून पाठ आहे म्हणाली. मग आजोबा, मग निघोज. मांडवात बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. क्षिप्रा म्हणाली, "ज्यांनी एका शब्दाने न विचारता माझं दुःख फळ्यावर लिहिलं, त्या आमच्या कुमुदिनी बाई!"

सगळा मांडव उभा राहिला. मागच्या रांगेत चिन्मयही उभा राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होता. मी शेजारी पाहिलं.

दीनानाथ सरही उभे होते. टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. ना राग, ना हसू. त्यांना पहिल्या वाक्यापासून कळलं असणार. पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. तो नकाशा त्यांनी मला देऊन टाकला होता, बसमधली खिडकीची जागा द्यावी तसा.

तेच मला सहन झालं नाही. त्यांनी उठून म्हणायला हवं होतं, खोटं आहे. मी भांडले असते. पण दान? दीनानाथ सरांकडून? त्यांच्या उष्ट्यावर मी मोठी होऊ? मी तरातरा स्टेजवर गेले आणि क्षिप्राच्या हातातून माइक घेतला.

"तो नकाशा माझा नाही," मी म्हणाले. माझा आवाज लागला होता. वर्गात लागायचा तसा. "ईव्हनिंगच्या दीनानाथ सरांचा आहे. ते शेवटच्या तासाला काढायचे आणि फळा न पुसता जायचे. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. क्षिप्रा, तुझे आजोबा गेले हे मला ठाऊक नव्हतं, बाळ. ते सरांना ठाऊक होतं. ज्याचं त्याला द्या, मला नको."

क्षिप्रा माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा इतका उतरला, की मला वाटलं, हे मी तिच्यापुरतं तरी करायला नको होतं. मग ती खाली उतरली आणि सरांच्या पाया पडली. मांडव पुन्हा उभा राहिला, या वेळी त्यांच्यासाठी. टाळ्या मघापेक्षा जास्त होत्या. मी स्टेजवर उभी राहून त्या ऐकल्या. जयेशने माझ्याकडून माइक घेतला आणि गहिवरून म्हणाला, "बघा, काय मोठं मन आहे बाईंचं!"

मोठं मन! मी जळत होते आणि लोक माझ्या मोठ्या मनाला टाळ्या देत होते.

चहाच्या वेळी मी एका कडेला, जुन्या आठवी 'अ'च्या खोलीत जाऊन बसले. कुणी येऊ नये म्हणूनच तिथे बसले होते. सर आले. त्यांच्या हातात दोन कप होते. एक मला दिला आणि शेजारची खुर्ची ओढून, सवयीने खिडकीकडे वळवून बसले.

"अभिनंदन," मी म्हणाले. "सगळं तुमचंच झालं."

"माझं काय झालं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी तो मुलांसाठी काढायचो, बाई. गाव विचारायचो, ठिपका द्यायचो. पोरांचं लक्ष घंटेकडे. घंटा झाली की बॅट उचलून पसार. एकानेही वहीत उतरवला नाही. मी म्हणायचो, राहू दे फळ्यावर, उद्या येतील तेव्हा बघतील. उद्या यावं तर फळा कोरा. आत्ता चिन्मयला विचारलं, अरे, निघोज मला तू सांगितलं होतंस, आजोबा गेले म्हणून. तो म्हणाला, सर, याद नहीं."

मी कोऱ्या फळ्याकडे पाहिलं.

"मी इतिहास लिहिला ना शाळेचा," ते म्हणाले. "महिनाभर फोन केले मुलांना. काय आठवतं सांगा म्हटलं. मॅचेस सांगितल्या सगळ्यांनी. नकाशाचं एकानेही नाही. म्हणून मीही लिहिला नाही. आणि तुमच्या मुली... कुठली मानेसरची, कुठली नागपूरची. ठिपक्यासकट पाठ. तुम्ही काही न करता." त्यांनी कप खिडकीत ठेवला. "राग मानू नका, पण मला फार हेवा वाटला तुमचा. आजचाच नाही. सकाळी खोलीत पाऊल टाकलं की धावत येऊन बसलेल्या मुली तुम्हाला मिळायच्या. मला रिकामी बाकं मिळायची, तीही बॅटीने ठोकलेली. मी तुमच्यावर जळत आलोय, बाई."

बाहेर कुणीतरी वड्यांसाठी हाका मारत होतं. मी चहाचा घोट घेतला. थंडगार झाला होता, पण मला गोड लागला. मी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि कान थोडा त्यांच्याकडे नेला.

"काय म्हणालात, सर? लाउडस्पीकरमुळे ऐकू नाही आलं."

त्यांनी मान वर केली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, पुन्हा सांगितलं. मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.